कमी खर्चात घरचा सीसीटीव्ही स्वतः बसवताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

घराला चार कॅमेरे लागलेले असतात, मोबाइलवर चित्रही छान दिसतं. मग एके रात्री गेटजवळची मोटारसायकल जाते. फूटेज काढायला बसल्यावर कळतं की चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग आहे, किंवा घड्याळ साडेपाच तास मागे आहे, किंवा डिस्क कधीचीच बंद पडली आहे. महाग कॅमेरे लावलेल्या घरांतही हे होतं, कारण कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी ऑफरमध्ये सेट घेतला जातो, मग केबल जिथे सहज पोचते तिथे कॅमेरा ठोकला जातो, आणि रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं काय उतरतं हे कोणी पाहतच नाही.

इथे उदाहरणाला तालुक्याच्या गावातलं नेहमीचं घर घेतलं आहे. तळमजला, वर एक मजला, पुढे गेट आणि गाडी लावायची जागा, मागे परसदार, बाहेरून गच्चीवर जाणारा जिना. चार कॅमेरे, अधूनमधून वीज जाणार, आणि चार महिने पाऊस.

## १. आधी कागद, टेप आणि एक प्रश्न

घराचा वरून दिसेल तसा आराखडा काढा. गेट, दारं, जिना, विजेचे पॉइंट, राउटरची जागा दाखवा. टेप लावून अंतरं मोजा, पावलांवर जाऊ नका. मग प्रत्येक जागेपुढे एकच प्रश्न लिहा: इथे मला माणसाचा चेहरा ओळखता यायला हवा, की इथे कोणी आहे एवढं कळलं तरी पुरे?

या प्रश्नाच्या उत्तरावर लेन्स ठरते. सुरक्षा कॅमेऱ्यांच्या आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत अनोळखी माणसाची ओळख पटण्यासाठी एका मीटर रुंदीला २५० पिक्सेल, आणि आधीपासून माहीत असलेला माणूस ओळखण्यासाठी १२५ पिक्सेल धरले होते. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. म्हणजे चित्रात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंद जागा आली की अनोळखी चेहरा हातचा जातो. लेन्सचा एमएमचा आकडा लहान तितकी नजर रुंद. अंतरात सांगायचं तर २.८ एमएमच्या लेन्सवर साधारण ४ मीटर, ३.६ एमएमवर ५ मीटर आणि ६ एमएमवर ९ मीटरपर्यंत चेहरा मिळतो. सेन्सरच्या आकाराप्रमाणे थोडा फरक पडेल.

बहुतेक तयार सेटमध्ये चारही कॅमेरे २.८ किंवा ३.६ एमएमचे असतात. ते पहिल्या मजल्याच्या गॅलरीवर बसवून दहा मीटर लांबच्या गेटवरचा चेहरा मिळेल अशी अपेक्षा ठेवणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तरी अंतर अडीचपट वाढत नाही. त्याची रुंदी २५६० किंवा २८८० पिक्सेल असते, म्हणून फार तर दीडपट.

आपल्या घराचं वाटप असं होईल: गेटवर ६ एमएम, गाडीच्या जागेवर २.८ एमएम रुंद नजरेसाठी, परसदारावर ३.६ एमएम, आणि जिन्याच्या तोंडाशी ३.६ एमएम. जिन्याचा कॅमेरा लोक हटकून विसरतात. गच्चीचं दार बहुतेक घरांत सगळ्यात कच्चं असतं.

तपासा: ठरलेल्या जागी उभं राहून मोबाइलवर फोटो काढा, सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला. ऊन थेट लेन्समध्ये येत असेल, किंवा सावलीतल्या पोर्चमधून उजेडातल्या रस्त्याकडे पाहावं लागत असेल, तर येणाऱ्याचा चेहरा काळा पडेल. जागा बाजूला सरकवा. ते जमतच नसेल तर त्या एका जागेपुरता डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवणारी सोय) असलेला कॅमेरा घ्या. डीडब्ल्यूडीआर म्हणजे तो नव्हे. त्यात फक्त चित्र उजळवलेलं असतं.

शेजाऱ्याची खिडकी, अंगण, न्हाणीघर नजरेत येतं का हेही याच वेळी पाहा. कोणाचं खाजगी चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा ठरू शकतं. डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं चित्र डिस्कवर साठवणारा डबा) 'प्रायव्हसी मास्क' असतो, त्याने तेवढा भाग काळा करता येतो. पण कॅमेराच वळवता आला तर तो वळवा, शेजाऱ्याच्या मनात शंका राहत नाही. सोसायटीत राहत असाल तर पॅसेज आणि जिना सामाईक असतात. कमिटीला आधी लेखी विचारा.

## २. प्रकार ठरवा

तीन वाटा आहेत.

वाय-फाय कॅमेऱ्याला वायर लागत नाही असं म्हणतात, पण विजेची वायर लागतेच. दगडी किंवा जाड विटांच्या भिंतीपलीकडे सिग्नल पडतो, आणि रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्याच मेमरी कार्डवर असेल तर कॅमेरा उपटून नेणारा पुरावाही घेऊन जातो. भाड्याच्या घरात एक-दोन जागांसाठी ठीक.

डीव्हीआर आणि एचडी अ‍ॅनालॉग कॅमेरे हा तयार घरात सगळ्यात स्वस्त पडणारा प्रकार. प्रत्येक कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत ३+१ केबल (चित्राची आणि विजेची तार एकत्र असलेली), विजेसाठी मध्ये एक एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा डबा).

आयपी कॅमेरे (नेटवर्कवर चालणारे) आणि पीओई एनव्हीआर (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा रेकॉर्डर). एकाच कॅट-६ नेटवर्क केबलवर चित्रही जातं आणि वीजही. एका टप्प्याची मर्यादा १०० मीटर. खर्च जास्त, पण घर नवीन बांधत असाल, गिलावा व्हायचा असेल, तर माझं स्पष्ट मत हेच: आत्ताच प्रत्येक कोपऱ्यापर्यंत पाइप आणि कॅट-६ टाकून ठेवा, कॅमेरे पुढच्या वर्षी घेतले तरी चालतील.

आपलं उदाहरण तयार घराचं आहे, म्हणून पुढचं सगळं डीव्हीआर पद्धतीचं.

## ३. खरेदी: पैसा कुठे घालायचा

चार कॅमेरे, डीव्हीआर, डिस्क, केबल आणि किरकोळ सामान मिळून बजेट ठरवताना लोक कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर पैसे घालतात आणि केबल व एसएमपीएसवर वाचवतात. हे उलटं करा. २ मेगापिक्सेलचे साधे कॅमेरे चालतील, केबल मात्र शुद्ध तांब्याचीच घ्या.

डीव्हीआर घेताना एक सापळा ओळखून ठेवा. स्वस्त मॉडेलच्या खोक्यावर '१०८०एन' किंवा '१०८०पी लाइट' असं लिहिलेलं असतं. त्यात रेकॉर्डिंग ९६० बाय १०८० पिक्सेलमध्ये होतं, म्हणजे रुंदी निम्मी. कॅमेरा २ मेगापिक्सेलचा असला तरी वर काढलेलं चेहऱ्याचं अंतर अर्ध्यावर येतं. माहितीपत्रकात चारही चॅनेलवर पूर्ण १०८०पी रेकॉर्डिंग आहे का, आणि सेकंदाला किती फ्रेम, ते वाचा. १२ ते १५ फ्रेम घराला पुरतात.

कॅमेऱ्यावर बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचा 'आर' ने सुरू होणारा क्रमांक आहे का ते बघा. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्याही बंधनकारक झाल्या आहेत. त्याआधीचा जुना माल फार स्वस्तात मिळाला तर का स्वस्त आहे ते विचारा.

केबल दुकानातच तपासा. टोक सोलून तार ब्लेडने खरवडा. वर तांबूस आणि आत चांदीसारखी पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे. दुकानदार तिला 'सीसीए' म्हणतात. ती घेऊ नका. कारण सहाव्या टप्प्यात येईल.

बाकीची यादी: प्रत्येक कॅमेऱ्याला दोन बीएनसी (चित्राच्या केबलच्या टोकाला लावायचे जोड) आणि एक डीसी पिन (विजेच्या टोकाला; दोन-दोन जादा घ्या), १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस, प्रत्येक कॅमेऱ्याला एक जंक्शन बॉक्स, पीव्हीसी पाइप किंवा पट्टी, गिट्ट्या आणि स्क्रू, सिलिकॉन सीलंट. आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर हे काम सुरूच करू नका. साधा डिजिटल मीटरही पुरतो.

## ४. डिस्कचा हिशेब

एच.२६५ मध्ये (चित्र दाबून साठवायची पद्धत) २ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला साधारण २ मेगाबिटवर ठेवला तर दिवसाला २१.६ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना ८६ जीबी. १ टीबीची डिस्क अकराएक दिवसांत भरते आणि जुनं पुसून नवीन लिहू लागते. दुसऱ्या बिटरेटसाठी (सेकंदाला किती मेगाबिट) त्या आकड्याला १०.८ ने गुणा, एका कॅमेऱ्याचे दिवसाचे जीबी मिळतात.

दहा दिवस गावाला जाणाऱ्या घराला १ टीबी जेमतेम आहे. २ टीबी घ्या, किंवा परसदार आणि जिना फक्त हालचाल दिसल्यावर रेकॉर्ड होतील असं ठेवा. गेट मात्र अखंड चालू राहू द्या. हालचालीवरच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमके सुरुवातीचे काही सेकंद निसटतात, आणि गेटवर तेच हवे असतात.

डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेली घ्या: डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक यांसारखी. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी नसते. बाजारात जुन्या डिस्क नव्या लेबलाने फिरतात. डीव्हीआरच्या मेनूत 'स्मार्ट' नावाचं पान असेल तर त्यात 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या डिस्कवर हजारो तास दिसले तर त्याच दिवशी परत करा.

## ५. भिंतीला भोक पाडण्याआधी टेबलावर जोडणी

सगळं सामान टेबलावर मांडा आणि एका टेबलाएवढ्याच केबलने चारही कॅमेरे जोडा. डिस्क बसवा, फॉरमॅट करा, रात्रभर चालू ठेवा. खराब कॅमेरा किंवा डीव्हीआर या एका रात्रीत उघडा पडतो, आणि परत करताना खोकं, पावती, स्क्रू सगळं जागेवर असतं.

चित्र कृष्णधवल आलं, फाटल्यासारखं दिसलं किंवा आलंच नाही, तर कॅमेरा खराब समजू नका. टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी अशा चित्र पाठवण्याच्या पद्धती असतात आणि कॅमेऱ्याच्या वायरवरच्या छोट्या बटणाने त्या बदलतात. डीव्हीआरला चालणारी पद्धत लावा. व्हिडिओ सेटिंग 'पाल' ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, 'एनटीएससी' ठेवल्यास ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं.

थांबा: प्रत्येक कॅमेऱ्यावर आणि केबलच्या दोन्ही टोकांवर आत्ताच क्रमांक लिहा. वर चढल्यावर सगळ्या केबल सारख्याच दिसतात.

## ६. केबल आणि वीज

या टप्प्याला अर्धा दिवस द्या. सगळ्यात जास्त बिघाड इथेच जन्मतात, आणि ते महिनाभराने दिसतात.

केबल टाकताना २३० व्होल्टच्या वायरिंगच्या पाइपमधून ती नेऊ नका. समांतर जावंच लागलं तर फूटभर अंतर ठेवा, आणि ओलांडायचं असेल तिथे काटकोनात ओलांडा. मध्ये जोड नको. केबल कमी पडली तर दुसरी पूर्ण लांबीची टाका. दोन्ही टोकांना हातभर जादा सोडा.

आता विजेचं. दिवसा छान चालणारा कॅमेरा रात्री बंद पडतो, परत सुरू होतो, परत बंद पडतो. ही तक्रार इतक्या घरांत असते की लोक कॅमेरा बदलतात, डीव्हीआर बदलतात, आणि तक्रार तशीच राहते. खरं कारण केबलमध्ये असतं. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो ०.४ अँपिअरच्या आसपास वीज ओढू लागतो, आणि लांब बारीक तारेत व्होल्टेज गळतं.

हिशेब करून पाहा. ३+१ केबलमधली विजेची तार ०.२ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे आणि कॅमेरा ३० मीटरवर आहे असं धरा. वीज जाऊन परत येते, म्हणून तारेची लांबी ६० मीटर. तिचा रोध होतो ५.२ ओहम. ०.४ अँपिअरला २.१ व्होल्ट गळाले, कॅमेऱ्याला ९.९ मिळाले. तीच तार सीसीए असेल तर गळती तीन व्होल्टपर्यंत जाते आणि कॅमेऱ्याला नऊच्या आसपास मिळतात. काही कॅमेऱ्यांना १२ व्होल्टच्या १० टक्के कमी चालतं, काहींना २५ टक्के. नऊवर तर कोणताच भरवशाचा राहत नाही.

उपाय सोपे आहेत. लांबच्या कॅमेऱ्यासाठी १ चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची जोडतार टाका, गळती अर्ध्या व्होल्टच्या आत येते. एसएमपीएसवर व्होल्टेज वाढवायचा छोटा स्क्रू असतो. तो पिळून १४ व्होल्ट करायचा आणि जवळच्या कॅमेऱ्यांना मारायचं, हे करू नका. कॅमेऱ्याजवळच वेगळा अ‍ॅडॉप्टर लावणं हा दुसरा उपाय, पण तिथल्या आणि डीव्हीआरच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर चित्रात आडव्या पट्ट्या वर सरकत राहतात. म्हणून माझी पसंती जाड तारेला.

डीसी पिन जोडताना लाल धन, काळी ऋण हे मल्टिमीटरने पाहूनच. ३+१ केबलमधल्या तारांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात.

थांबा: एसएमपीएसच्या एका बाजूला उघडे २३० व्होल्टचे स्क्रू असतात. ती बाजू वायरमनकडून जोडून घ्या, एमसीबी आणि अर्थिंगसह. मुलांचा हात पोचेल अशा जागी तो उघडा ठेवू नका. हवा खेळती राहील अशा बंद पेटीत ठेवा.

तपासा: अंधार करून किंवा कॅमेऱ्याच्या पुढच्या उजेड-सेन्सरवर काळी टेप लावून इन्फ्रारेड दिवे लागू द्या, आणि कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावा. ११ व्होल्टच्या वर असेल तर पुढे चला. दिवे बंद असताना घेतलेला आकडा फसवा असतो.

आता वीज गेल्यावर काय? डीव्हीआर आणि चार कॅमेरे मिळून ३० ते ४० वॉट धरा, राउटर आणि फायबरचा डबा मिळून आणखी १०-१५. घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर हे सगळं सहज चालतं. लोक डीव्हीआर इन्व्हर्टरवर घेतात आणि राउटर विसरतात. वीज गेली की रेकॉर्डिंग चालू, पण मोबाइलवर काहीच नाही. इन्व्हर्टरला 'यूपीएस मोड' असेल तर तो लावा, नाहीतर वीज जाता-येताना डीव्हीआर दरवेळी बंद होऊन सुरू होतो आणि डिस्कचं आयुष्य घटतं. इन्व्हर्टर नसेल तर कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस तासभराच्या आसपास साथ देतो.

मराठवाडा-विदर्भात वळवाच्या दिवसांत विजा पडतात तेव्हा गच्चीवरच्या लांब केबलमधून डीव्हीआर जळतो. एसएमपीएसच्या आधी सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि केबल गच्चीच्या कठड्यावरून उघडी न नेता आतून न्या.

## ७. डीव्हीआरची जागा

दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवलेला डीव्हीआर चोर आधी उचलतो. कुलपाच्या कपाटात ठेवा, पण मागची बाजू हवेला मोकळी राहू द्या. पत्र्याखालच्या माळ्यावर नको, उन्हाळ्यात तिथली उष्णता डिस्कला मारते. टीव्हीवर पाहायचंच असेल तर लांब एचडीएमआय केबल टाका. बजेट उरलं तर त्या कपाटाकडे तोंड करून कार्डवाला एक स्वस्त वाय-फाय कॅमेरा ठेवा. डीव्हीआर नेणाऱ्याचं चित्र निदान त्या कार्डवर राहील.

## ८. कॅमेरा भिंतीवर: आधी सैल, रात्री पाहून मग घट्ट

चेहऱ्यासाठीचा कॅमेरा सात ते आठ फुटांवर. त्याहून उंच गेला की टोपी आणि डोक्याचा वरचा भाग मिळतो. रुंद नजरेचा कॅमेरा नऊ-दहा फुटांवर, हात पोचणार नाही असा. सात फुटांवरच्या कॅमेऱ्याला दुसऱ्या कॅमेऱ्याच्या नजरेत ठेवा, म्हणजे कोणी तो वळवला तर वळवणारा दिसेल.

जोड सगळे जंक्शन बॉक्सच्या आत. बॉक्समध्ये केबल खालून किंवा बाजूने येऊ द्या, वरून कधीच नाही. आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, बॉक्समध्ये उतरत नाही. सिलिकॉन बॉक्सच्या वरच्या आणि बाजूच्या कडेला लावा, खालची कड मोकळी ठेवा. आत साचलेला दमट वाफारा बाहेर पडायला ती वाट लागते. पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेत कॅमेरा नको. कोकणात खारी हवा बीएनसीचा धातू खाते, तिथे जोडावर पाणीरोधक स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. कॅमेऱ्यावर आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असतं ते कॅमेऱ्याच्या डब्यापुरतं आहे. मागच्या वायरीच्या जोडाला ते लागू नाही.

स्क्रू पूर्ण आवळू नका. रात्र होऊ द्या.

रात्री घरातल्या कोणाला गेटमधून आत यायला सांगा, नेहमीच्या चालीने, मग डोक्यावर टोपी घालून, मग मोटारसायकल ढकलत. तुम्ही त्या वेळी स्क्रीनसमोर बसू नका. नंतर रेकॉर्डिंग लावून पाहा आणि एक फ्रेम थांबवून चेहरा ओळखता येतो का ते ठरवा. थेट चित्र आणि रेकॉर्डिंग यांची गुणवत्ता वेगळी असू शकते, आणि हलत्या माणसाचा चेहरा रात्री पुसट होतो.

काय बिघडलेलं दिसू शकतं:

- चित्राची एक बाजू पांढरी, बाकी काळोख. इन्फ्रारेड उजेड जवळच्या भिंतीवर, खांबावर किंवा छताच्या कडेवर आपटून परततो आहे. कॅमेरा थोडा पुढे काढा किंवा वळवा.
- डोम कॅमेऱ्यात धुकं. काचेच्या आतला रबरी कडा नीट बसलेला नाही, किंवा काचेवर बोटांचे ठसे आहेत.
- चेहरा पांढराफट्ट. माणूस फार जवळ आणि दिवे फार तेज. 'स्मार्ट आयआर' (जवळच्या माणसावरचा इन्फ्रारेड उजेड आपोआप कमी करणारी सोय) चालू करा.
- गाडीची नंबर प्लेट कोरी. हाय सिक्युरिटी प्लेट उजेड परतवते, म्हणून इन्फ्रारेडमध्ये ती जळल्यासारखी दिसते. साध्या घरगुती कॅमेऱ्याकडून रात्री नंबर मिळण्याची आशा धरू नका. गेटवर रात्रभर एक ९ वॉटचा एलईडी दिवा ठेवलात तर चेहरा आणि कपड्यांचा रंग दोन्ही सुधारतात, आणि हा सगळ्यात स्वस्त सुधार आहे.

दोन रात्री असं पाहून मगच स्क्रू आवळा.

## ९. डीव्हीआरचं सेटिंग, याच क्रमाने

१. पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (दुरून ताबा घेतलेल्या यंत्रांचं जाळं) जगभरच्या लाखो कॅमेऱ्यांचा आणि डीव्हीआरचा ताबा घेतला तो कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून. लांब आणि कुठेच न वापरलेला पासवर्ड ठेवा आणि कागदावर लिहून घरात ठेवा. विसरल्यावर रीसेटसाठी कंपनीकडे खेपा घालाव्या लागतात.

२. वेळ. टाइम झोन जीएमटी अधिक ५:३०. हे न केल्यामुळेच घड्याळ साडेपाच तास मागे राहतं. 'एनटीपी' (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणं) चालू करा. पडद्यावर तारीख दिवस-महिना-वर्ष अशी ठेवा.

३. डिस्क फॉरमॅट, आणि 'भरल्यावर जुनं पुसा' चालू. हे बंद राहिलं तर डिस्क भरताच रेकॉर्डिंग गुपचूप थांबतं.

४. प्रत्येक चॅनेलला १०८०पी, एच.२६५, १५ फ्रेम, बिटरेट. मुख्य प्रवाहच (डिस्कवर रेकॉर्ड होणारं चित्र) तपासा. मोबाइलसाठीचा उपप्रवाह वेगळा असतो.

५. हालचालीची जागा. झाड, रस्ता आणि वाऱ्याने हलणारी दोरी वगळा, नाहीतर मोबाइल दिवसभर वाजत राहतो आणि शेवटी तुम्ही सूचनाच बंद करता.

६. 'डिस्क बिघाड' आणि 'चित्र गेलं' या दोन सूचनांचा बझर चालू. कारखान्यातून तो बहुधा बंद येतो.

कॅमेऱ्यात माइक असेल तर गेटवरचा बंद ठेवा. रस्त्यावरच्या लोकांचं बोलणं टिपून ठेवण्याचा आपल्याला काही हक्क नाही.

तपासा: डीव्हीआर बंद करून पाच मिनिटांनी सुरू करा. वेळ बरोबर आहे? रेकॉर्डिंग आपोआप सुरू झालं? वेळ २००० सालावर गेली तर आतला बटण-सेल संपला आहे.

## १०. इंटरनेट सगळ्यात शेवटी

कंपनीच्या अ‍ॅपमध्ये डीव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की बहुतेक घरांचं काम होतं. राउटरमध्ये पोर्ट उघडून देण्याचा सल्ला जुन्या व्हिडिओंत असतो, तो मानू नका. उघडं पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात. शिवाय आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात (अनेक ग्राहकांत एकच इंटरनेट पत्ता वाटलेला असतो), तिथे ते चालतही नाही. राउटर आणि डीव्हीआर दोन्हीकडे 'यूपीएनपी' (आपोआप पोर्ट उघडणारी सोय) बंद करा. कंपनीच्या सर्व्हरवर विश्वास नसेल आणि थोडी तांत्रिक खटपट जमत असेल तर घरात वायरगार्ड किंवा टेलस्केल (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायचे व्हीपीएन प्रोग्रॅम) चालवा.

घरातल्या इतरांना मुख्य पासवर्ड देऊ नका, फक्त पाहता येईल असा वेगळा युजर करून द्या. फर्मवेअर (डीव्हीआरच्या आतला प्रोग्रॅम) एकदा अद्ययावत करा.

## ११. क्लिप काढायची तालीम

घटना घडल्यावर हात थरथरत असताना मेनू शोधायला लागू नये म्हणून आजच एक क्लिप पेनड्राइव्हवर काढा. काल रात्रीची पाच मिनिटं, गेटचा कॅमेरा. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते का पाहा. अनेक डीव्हीआर स्वतःच्या फॉरमॅटमध्ये फाइल देतात आणि सोबत त्यांचा प्लेअर घ्यावा लागतो. दोन्ही घ्या, मूळ फॉरमॅट आणि एमपी४.

पोलिसांत द्यायची वेळ आली तर मोबाइलने पडद्याचं शूटिंग करून पाठवू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ हे १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, ठशासारखा अंक-अक्षरांचा क्रमांक) लिहावी लागते. म्हणून फाइल कापू नका, नाव बदलू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवू नका. तिथे ती दाबली जाते आणि हॅश बदलते. त्याच वेळी डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ यांत किती सेकंदांचा फरक आहे ते लिहून ठेवा. १ टीबी डिस्कची अकरा दिवसांची मर्यादा लक्षात ठेवून घटनेच्या आधीचे दोन-तीन दिवसही काढा, पाळत ठेवायला आलेला माणूस तिथेच सापडतो. पोलीस डीव्हीआर किंवा डिस्क ताब्यात घेऊ शकतात. पंचनाम्यात तिचा अनुक्रमांक लिहिला गेला आहे ना, ते पाहा.

घरातल्या आणखी एकाला हीच क्लिप तुमच्या मदतीशिवाय काढायला लावा. जिथे अडखळतील ती पायरी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

## १२. महिन्यातून एकदा

मोबाइलवरचं थेट चित्र पाहून समाधान मानू नका. प्लेबॅक उघडा, आठ दिवसांपूर्वीची रात्रीची वेळ टाका आणि चारही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आहे का ते बघा. काच कोरड्या मऊ कापडाने पुसा. कोळ्याची जाळी रात्री इन्फ्रारेडमध्ये पांढऱ्या पडद्यासारखी दिसतात आणि हालचालीच्या खोट्या सूचना देतात. पावसाळ्यात ती आठवड्याला काढावी लागतील, लांब दांड्याचा ब्रश त्यासाठी पुरतो. मृगाच्या आधी प्रत्येक जंक्शन बॉक्स उघडून बीएनसीवर हिरवट गंज धरला आहे का पाहा. धरला असेल तर घासत बसू नका, तेवढा इंचभर भाग कापून नवीन बीएनसी लावा. हातभर जादा केबल सोडली होती ती इथे कामाला येते.